पिशवी, अस्तर आणि वाफसा

साऱ्या महाराष्ट्राप्रमाणे वऱ्हाडातही गर्भाशयाला 'पिशवी' म्हणतात. अमरावतीच्या डफरीनमध्ये किंवा अकोल्याच्या लेडी हार्डिंगमध्ये बाह्यरुग्ण विभागाच्या बाकावर तासभर बसले, तर हा शब्द किती वेळा कानावर पडतो याची मोजदाद ठेवता येत नाही. पिशवीला सूज आहे, पिशवी खाली आली, पिशवी धुतली, पिशवी काढून टाकली. बायकांच्या दुखण्यांचे हे शब्द मी बरीच वर्षे वहीत उतरवून घेत आले आहे. मी डॉक्टर नाही, विद्यापीठातही नाही. शब्द कुठून आला, त्याच्यामागे कोणती समजूत आहे आणि त्या समजुतीपायी कोणाला काय सोसावे लागले, एवढेच शोधण्याची मला सवय आहे.

अलीकडे या वहीत एक नवा शब्द आला आहे: 'अस्तर'. "डाक्टर म्हनते, अस्तर पातय हाय." शब्द शिंप्याच्या दुकानातला. कोटाला, पोलक्याला आतून लावलेले कापड म्हणजे अस्तर. वैद्यकात ज्याला एंडोमेट्रियम म्हणतात, त्या गर्भाशयाच्या आतल्या थरासाठी तो आता सर्रास वापरला जातो. वंध्यत्वावरील उपचार केंद्रे मुंबई-पुण्यापुरती होती, तोवर हा शब्दही तिकडेच होता. अमरावती-अकोल्यात ही केंद्रे आली आणि त्यांच्याबरोबर सोनोग्राफीच्या अहवालातला मिलिमीटरचा आकडा घरोघर पोचला.

शब्द नवा असला, तरी घरात त्याचे जे होते ते नवे नाही. मूल न होणाऱ्या बाईला पूर्वी 'वांझ' म्हणत. आता सुशिक्षित घरात तो शब्द कोणी उच्चारत नाही. 'तिचे अस्तर पातळ आहे' असे म्हणतात. वाक्य वैद्यकीय असते, निकाल मात्र जुनाच लागतो. म्हणूनच या थराचा इतिहास तपासावासा वाटला. गर्भ राहण्यात अस्तराचा वाटा किती, हे माणसाला कसे कळत गेले, आणि ते कळण्याच्या वाटेवर दोष कोणाच्या माथी येत राहिला?

चारांतले दोन, दोनांतला एक

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात गर्भधारणेला लागणाऱ्या चार गोष्टी सांगितल्या आहेत: ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज. योग्य वेळ, शेत, पाणी आणि बियाणे यांचा मेळ बसला की जसा अंकुर फुटतो, तसाच गर्भ राहतो, असा तो विचार आहे. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ साली पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयात पदवीसाठी प्रबंध लिहिला, त्याचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हाच होता. तेव्हा या जुन्या ग्रंथांकडे आधुनिक वैद्यकाच्या दारातून पाहणाऱ्यांत एक मराठी बाई होती, असे म्हणायला हरकत नाही.

सुश्रुताच्या यादीत दोष एकट्या क्षेत्राचा नाही. वेळ चुकली, पाणी कमी पडले, बियाणे किडके निघाले, तरी अंकुर फुटत नाही. समाजाने मात्र या चारांतले दोनच लक्षात ठेवले, बीज आणि क्षेत्र. बीज पुरुषाचे आणि क्षेत्र स्त्रीचे, अशी वाटणीही केली. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात बीज श्रेष्ठ की क्षेत्र, याची सविस्तर चर्चा आहे. मानववंशशास्त्रज्ञ लीला दुबे यांनी १९८६ साली बीज आणि भूमी या प्रतीकावर एक महत्त्वाचा निबंध लिहिला. बाईला जमीन ठरवले की पिकावरचा तिचा हक्क आपोआप बीज पेरणाऱ्याकडे जातो, हे त्यांनी त्यात दाखवून दिले. त्याला मी एवढेच जोडते की पीक आले तर ते पेरणाऱ्याचे, आणि नाही आले तर दोष जमिनीचा. या हिशेबात बाई दोन्हीकडून तोट्यात राहते.

ही वाटणी शास्त्राच्या कसोटीवर १८२७ सालीच कोसळली होती. त्या वर्षी कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर या शास्त्रज्ञाने सस्तन प्राण्यातले स्त्रीबीज प्रथम ओळखले. बीज बाईकडेही असते, किंबहुना गर्भाच्या सुरुवातीच्या दिवसांची सारी शिदोरी तिच्याच बीजात असते. तरीही 'बीज त्याचे, जमीन तिची' ही भाषा आपल्याकडे आजवर टिकून आहे.

आणि जमिनीचीच भाषा बोलायची, तर वऱ्हाडातल्या कास्तकाराला विचारावे. कोणतीही जमीन नुसती चांगली किंवा नुसती वाईट असते, असे तो म्हणणार नाही. पूर्णेच्या दोन्ही काठांनी अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरला आहे. तिथली माती काळी आणि खोल, पाहताच मन भरावे अशी. पण खालचे पाणी खारे असल्याने विहीर खणूनही ओलिताची सोय होत नाही. मातीची खोली मोजून त्या शेताची परीक्षा होत नसते. दुसरी गोष्ट वाफशाची. मृगाचा पाऊस पडला म्हणून कोणी चिखलात तिफण घालत नाही. जमिनीत ओल आणि हवा यांचे प्रमाण जुळून वाफसा येतो, तेव्हाच पेरायचे. त्याआधी पेरले तर बियाणे सडते, उशीर झाला तर ओल उडून जाते आणि दुबार पेरणी पदरी येते. गर्भाशयाच्या अस्तराबद्दल वैद्यकाला शंभरेक वर्षांत जे उमगले, ते या दोन गोष्टींच्या जवळ जाणारे आहे.

रोग की ऋतू?

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पॅरिसच्या रेकामिए या शल्यवैद्याने गर्भाशय आतून खरवडण्याचे एक हत्यार प्रचारात आणले. त्याचे नाव क्युरेट. आपल्याकडे 'क्युरेटिंग' म्हणतात ते यावरूनच. हत्यार हाती आल्यावर खरवडून निघालेले अस्तर सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे ओघानेच आले. डॉक्टरांना दिसले की एका बाईचे अस्तर पातळ आणि साधे असते, दुसरीचे जाड, ग्रंथी फुगलेल्या, नागमोडी. या फरकांना त्यांनी निरनिराळ्या रोगांची नावे दिली. गर्भाशयाच्या आतल्या सुजेचे नाना प्रकार पुस्तकांत आले आणि त्या प्रत्येकावर उपचार एकच होता, पुन्हा खरवडणे.

१९०८ साली व्हिएन्नाच्या फ्रिट्झ हिट्शमान आणि लुडविग आडलर या दोघांनी हा घोळ मिटवला. त्यांनी प्रत्येक नमुन्याबरोबर एक साधी गोष्ट नोंदवली: तो पाळीच्या कितव्या दिवशी घेतला. मग ध्यानात आले की आजवर जे वेगवेगळे रोग समजले गेले, ते निरोगी अस्तराचे वेगवेगळे दिवस होते. पाळी संपल्यावर ते पातळ असते, मग वाढत जाते, बीज सुटल्यानंतर त्यातल्या ग्रंथी रसाने भरतात, आणि गर्भ राहिला नाही तर वरचा थर गळून पडतो. तळाचा थर शाबूत राहतो आणि त्यातून पुन्हा नवे अस्तर उगवते. बाईच्या आयुष्यात हे सुमारे चारशे वेळा घडते. इतक्या वेळा हा थर, व्रण मागे न ठेवता, नव्याने तयार होतो.

इथे आपल्या घरातली एक विसंगती नोंदवायला हवी. ओटी म्हणजे पदराची झोळी आणि ओटीपोट म्हणजे तिच्यामागचे पोट. एकाच शब्दाने कापड आणि गर्भाची जागा दोन्ही जोडली आहेत. अमरावतीच्या अंबादेवीला बायका खण, नारळ, तांदळाने ओटी भरतात, लेकीसुनांचीही भरतात. ज्या अस्तरात गर्भ रुजावा म्हणून ही ओटी भरायची, तेच अस्तर महिन्याला बाहेर पडले की त्याला विटाळ म्हणून बाईला दूर बसवायचे. गर्भासाठी मांडलेले आसन त्या महिन्यात रिकामे राहिले, म्हणून ते आवरले जाते, इतकाच त्या रक्ताचा अर्थ. व्हिएन्नाच्या डॉक्टरांनी त्याला रोग म्हणणे थांबवले, त्याला आता शंभराहून अधिक वर्षे झाली.

हे आसन मांडते कोण, याचा उलगडा नंतर झाला. जॉर्ज कॉर्नर आणि विलार्ड ॲलन यांनी १९२९ साली अमेरिकेतील रॉचेस्टर येथे सशांवर प्रयोग केले. बीज सुटल्यावर बीजकोशात जो पिवळा पुंज उरतो, त्याच्या अर्काने अस्तर गर्भाला सामावून घेण्याजोगे होते, हे त्यांनी सिद्ध केले. त्यातून पुढे प्रोजेस्टेरॉन हाती लागले. इस्ट्रोजेन अस्तर वाढवते आणि प्रोजेस्टेरॉन ते तयार करते. शेतीच्या भाषेत पहिल्याचे काम नांगरणी-वखरणीचे, दुसऱ्याचे वाफसा आणण्याचे. १९५० साली नॉइज, हर्टिग आणि रॉक या तिघांनी अस्तराचा नमुना पाहून दिवस कसा ओळखावा याचे कोष्टक प्रसिद्ध केले. पुढली पन्नासेक वर्षे जगभर वंध्यत्वाच्या तपासणीत त्याचाच आधार घेतला गेला. नमुना कोष्टकातल्या दिवसाशी जुळला नाही, तर 'अस्तर मागे आहे' असा शेरा मिळे. २००४ साली अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीत मुले झालेल्या आणि न झालेल्या बायकांचे नमुने शेजारी शेजारी ठेवले गेले. कोष्टकाशी न जुळणारे अस्तर मुले झालेल्या बायकांतही तितकेच सापडले! ज्या दोषासाठी दोन पिढ्यांनी औषधे घेतली, तो दोष होता की नाही हीच शंका उभी राहिली.

खरवडण्याची किंमतही कळून चुकली होती. १९४८ साली जोसेफ ॲशरमन यांनी बाळंतपणानंतर किंवा गर्भपातानंतर केलेल्या क्युरेटिंगमुळे गर्भाशयाच्या भिंती एकमेकींना चिकटतात, पाळी थांबते, हे सविस्तर मांडले. तळाचा थरच खरवडला गेला, तर उगवायला काही उरत नाही. आपल्याकडे 'मूल होत नाही, एकदा पिशवी धुऊन घ्या' हा सल्ला त्यानंतरही कित्येक वर्षे दिला जात राहिला. माझ्या वहीतल्या साठीपुढच्या बायकांत पिशवी दोनदा, तीनदा धुतलेल्या आहेत. त्यांच्यापैकी एकीच्याही नवऱ्याची तपासणी झालेली नव्हती.

एकाने औषध टाळले, दुसऱ्याने महिना बदलला

बीजवाहिन्या बंद असलेल्या बाईला मूल व्हावे म्हणून शरीराबाहेर गर्भ तयार करण्याची कल्पना पुढे आली. बीज बाहेर काढणे आणि काचपात्रात फलित करणे हे अवघड होते, पण साधले. खरी अडचण त्यापुढची होती, कारण गर्भ आत सोडला तरी रुजत नव्हता. इंग्लंडमधल्या ओल्डहॅम येथे रॉबर्ट एडवर्ड्स, पॅट्रिक स्टेप्टो आणि जीन पर्डी यांना अनेक वर्षे हेच अपयश आले. अनेक बीजे मिळावीत म्हणून ते बीजकोशाला औषधे देत. त्या औषधांनी महिन्याचा नैसर्गिक क्रम ढळतो, असा संशय त्यांना येऊ लागला. शेवटी त्यांनी औषध सोडले आणि त्या महिन्यात आपोआप पक्व होणाऱ्या एकाच बीजावर भिस्त ठेवली. २५ जुलै १९७८ रोजी लुईस ब्राऊन जन्मली.

त्याच वर्षी कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी तीच अडचण वेगळ्या वाटेने सोडवली. सरोजकांती भट्टाचार्य आणि सुनीत मुखर्जी हे त्यांचे सहकारी. मुखोपाध्यायांनी बीजकोशाला औषधे दिली, बीजे मिळवली, गर्भ तयार केले, पण ते त्या महिन्यात सोडले नाहीत. ते ५३ दिवस गोठवून ठेवले आणि औषधाचा अंमल नसलेल्या पुढच्या साध्या महिन्यात गर्भाशयात सोडले. औषधाने बीजे भरपूर मिळतात, पण त्याच औषधाने त्या महिन्यातले अस्तर गर्भाला प्रतिकूल होते, हे मर्म त्यांनी जाणले होते. ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, लुईसनंतर ७० दिवसांनी, एक मुलगी जन्मली. जग तिला दुर्गा या नावाने ओळखते.

एकाने औषध टाळले, दुसऱ्याने महिना बदलला. दोघांनीही सांभाळले ते अस्तर. टेस्ट ट्यूब बेबीच्या कथेत काचेच्या नळीचे कौतुक फार होते. पण १९७८ सालचे हे दोन्ही जन्म, काचेबाहेर नेमके काय बिघडते आहे हे ओळखल्यामुळे झाले.

मुखोपाध्यायांच्या वाट्याला यश आले नाही. पश्चिम बंगाल सरकारने नेमलेल्या समितीने त्यांचा दावा मानला नाही. १९८१ साली त्यांची बदली नेत्रचिकित्सेच्या संस्थेत झाली आणि १९ जून १९८१ रोजी त्यांनी आत्महत्या केली.

महाराष्ट्राचे नाव इथे येते. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात हर्षा चावडा हिचा जन्म झाला. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्याच प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार यांचे हे काम शास्त्रीय नोंदींनिशी पूर्णपणे सिद्ध झालेले होते. त्यामुळे देशातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी म्हणून हर्षाचीच नोंद झाली. त्यानंतर आनंद कुमारांनी जे केले, त्याबद्दल मला त्यांच्याविषयी फार आदर वाटतो. मुखोपाध्यायांची टिपणे त्यांच्या हाती आली. ती तपासून १९९७ साली त्यांनी स्वतःच जाहीरपणे लिहिले की पहिलेपणाचा मान कोलकात्याच्या त्या डॉक्टरचा आहे. आपल्या नावावरचा मान सोडायला शास्त्रावर निष्ठा लागते.

मुखोपाध्यायांच्या अनुमानाची मोठी परीक्षा २०१६ साली झाली. चीनमध्ये बीजकोशात गाठी असणाऱ्या, म्हणजे पीसीओएसच्या, १५०८ स्त्रियांची दोन गटांत विभागणी केली गेली. गर्भ गोठवून पुढच्या महिन्यात सोडले त्या गटात ४९.३ टक्के स्त्रियांना मूल झाले, त्याच महिन्यात सोडले त्या गटात ४२ टक्के. ज्यांची पाळी नियमित होती अशा स्त्रियांत पुढच्या काही चाचण्यांत हा फरक दिसला नाही. म्हणजे युक्ती सर्वांना सरसकट लागू नाही. पण औषधाचा ताण जिथे जास्त, तिथे महिना बदलणे हिताचे, हे कोलकात्यातले तर्कशास्त्र अडतीस वर्षांनी खरे ठरले.

म्हातारे काय होते?

'वय झाले, आता पिशवी साथ देणार नाही' हे वाक्य चाळिशीच्या बाईला हमखास ऐकावे लागते. याची शहानिशा एका वेगळ्याच उपचारातून झाली. १९८४ साली ऑस्ट्रेलियातील मोनाश विद्यापीठाच्या चमूने एका स्त्रीची हकीकत प्रसिद्ध केली. तिचे बीजकोश निकामी होते. दुसऱ्या स्त्रीने दिलेले बीज वापरले आणि इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन ही दोन संप्रेरके बाहेरून देऊन तिचे अस्तर तयार केले. तिला मूल झाले. बीजकोश नसले तरी दोन संप्रेरकांवर अस्तर उभे राहते, हे त्यातून दिसले.

पुढे १९९० साली अमेरिकेतून चाळिशी ओलांडलेल्या स्त्रियांचा अनुभव प्रसिद्ध झाला. तरुण स्त्रीचे बीज मिळाले, की या स्त्रियांतही गर्भ राहण्याचे प्रमाण तरुणींसारखेच होते. म्हणजे वयाबरोबर झपाट्याने ओसरते ते बीज. जमीन बरीच वर्षे टिकून राहते. हजारो वर्षे आपण जमिनीला नापीक म्हणत आलो, आणि पुरावा असा सांगतो की बहुतेक वेळा तिच्यात खोट नसतेच. गर्भ न रुजण्याचे मोठे कारण खुद्द गर्भात असते, त्याच्या गुणसूत्रांच्या गडबडीत. त्या गडबडीत बाईचे बीज असते तसे पुरुषाचेही असते. हा निसर्गाचा हिशेब आहे, त्यात कोणाचा गुन्हा नाही.

वेळेचा वाटा मात्र मोठा आहे. बीज सुटल्यानंतर सुमारे सहाव्या ते दहाव्या दिवसापर्यंत अस्तर गर्भाला स्वीकारते, नंतर दार मिटते. १९९९ साली विलकॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नैसर्गिक गर्भधारणांचा अभ्यास केला. टिकलेल्या गर्भांपैकी ८४ टक्के गर्भ आठव्या, नवव्या किंवा दहाव्या दिवशी रुजलेले होते. जे त्याहून उशिरा रुजले, त्यांतले बरेचसे टिकले नाहीत. कास्तकाराला हे समजावून सांगावे लागणार नाही.

जमीन खरोखर बिघडते तेव्हा

अस्तर कधीच दोषी नसते, असे म्हणणेही खोटे ठरेल. आपल्या देशात त्याचा एक जुना वैरी आहे, क्षय. फुप्फुसातला क्षय खोकल्याने ओळखू येतो, जननेंद्रियांतला येत नाही. तो किशोरवयात रक्तातून येऊन बीजवाहिन्यांत बसतो आणि वर्षानुवर्षे गुपचूप राहतो. ताप नाही, खोकला नाही. लग्नानंतर मूल होत नाही, एवढ्यावरून शोध सुरू होतो. हा क्षय झालेल्या स्त्रियांत बीजवाहिन्या जवळजवळ नेहमीच बाधित असतात आणि साधारण निम्म्यांत अस्तरही. टेस्ट ट्यूबच्या उपचाराने बंद बीजवाहिनी ओलांडता येते, पण क्षयाने जाळलेले अस्तर ओलांडता येत नाही. गर्भाला उतरायचे असते तिथेच. भारतात 'पातळ अस्तर' हा शेरा पाश्चात्त्य देशांपेक्षा गंभीरपणे घ्यावा लागतो, तो यासाठी. औषधाने क्षय बरा होतो. जो तळाचा थर जळून गेला, तो मात्र औषधाने परत येत नाही. म्हणून शाळकरी मुलीच्या बारीक तापाकडे, घटत्या वजनाकडे, घरातल्या क्षयाच्या रुग्णाकडे वेळीच लक्ष देणे, हाही वंध्यत्वावरचाच उपचार आहे. त्याची जाहिरात कुठल्याही फलकावर दिसत नाही.

पातळपणाचे दुसरे कारण कधी कधी उपचारातच असते. बीज तयार व्हावे म्हणून क्लोमिफीन ही गोळी अनेक दशके दिली जात आहे. ती इस्ट्रोजेनचे काम अडवते, त्यामुळे काही स्त्रियांचे अस्तर तिनेच पातळ होते. लेट्रोझोल हे दुसरे औषध त्या बाबतीत सौम्य आहे. वंध्यत्वासाठी त्याच्या वापरावर भारतात २०११ साली बंदी आली, ती २०१७ साली उठली. दरम्यान २०१४ साली अमेरिकेतल्या चाचणीत पीसीओएस असलेल्या स्त्रियांत लेट्रोझोलने २७.५ टक्के आणि क्लोमिफीनने १९.१ टक्के स्त्रियांना मूल झाल्याचे प्रसिद्ध झाले होते.

नवे कोष्टक, नवे खरवडणे

इतिहास वाचणाऱ्याला आजच्या दवाखान्यात काही ओळखीच्या खुणा दिसतात. दोन-तीनदा उपचार फसले की कुटुंब हवालदिल होते. घरदार, क्वचित वावरही गहाण पडलेले असते. अशा वेळी अस्तरासाठी जादा उपाय सुचवले जातात. गर्भ सोडण्याआधी अस्तराला मुद्दाम ओरखडा काढणे, हा त्यांतला एक. त्याने अस्तर जागे होते, अशी कल्पना होती. २०१९ साली १३६४ स्त्रियांवरील चाचणीचा निकाल आला: ओरखडा काढलेल्यांत मूल होण्याचे प्रमाण २६.१ टक्के, न काढलेल्यांत तेवढेच, २६.१ टक्के. दुसरा उपाय म्हणजे अस्तराचा तुकडा काढून त्यातल्या जनुकांवरून 'तुमचे दार कोणत्या तासाला उघडते' हे सांगणारी महागडी तपासणी. ती २०११ साली स्पेनमधून आली. २०२२ साली ७६७ स्त्रियांवरील चाचणीत तपासणीप्रमाणे वेळ बदललेल्यांत ५८.५ टक्के आणि नेहमीच्या वेळेला गर्भ सोडलेल्यांत ६१.९ टक्के स्त्रियांना मूल झाले. म्हणजे फायदा शून्य. १९५० च्या कोष्टकाची आणि रेकामिएच्या हत्याराची ही नवी रूपे आहेत. कल्पना सुसंगत, मन भारून टाकणारी, पण पडताळा घेतला की हाती काही लागत नाही.

मिलिमीटरच्या आकड्याचेही तसेच. सोनोग्राफीत अस्तर सात मिलिमीटरपेक्षा कमी असेल, तर यशाची शक्यता घटते हे खरे. पण कमी असूनही गर्भ राहतो, आणि भरपूर जाड असूनही राहत नाही. खारपाणपट्ट्यातली खोल माती आठवावी. शिवाय पाळी संपल्यासंपल्या प्रत्येक बाईचे अस्तर पातळच असते. हिट्शमान आणि आडलर यांनी शिकवलेला धडा इतकाच होता की दिवस लिहिल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. माझ्या वहीत अशा बायका आहेत, ज्यांना आपले अस्तर 'चार' आहे हे पाठ आहे, पण ते पाळीच्या कितव्या दिवशी मोजले हे ना त्यांना कोणी सांगितले, ना घरच्यांनी विचारले. त्या चाराच्या जोरावर एका घरात दुसऱ्या लग्नाची बोलणी सुरू झाली होती.

२०२१ साली संसदेने सहायक प्रजनन आणि सरोगसी यांबाबत दोन कायदे केले. दवाखान्यांची नोंदणी सक्तीची झाली, पैसे घेऊन दुसऱ्याचे मूल पोटात वाढवण्याला बंदी आली. अहवाल घरात कसा वाचला जावा, याचा कायदा मात्र करता येत नाही. ते काम आपल्यालाच करावे लागेल. अहवालावर दिवस लिहिला आहे का? क्षयाची शंका असेल तर तिचा नीट निकाल लावला आहे का? सुचवलेल्या जादा उपायाचा चाचणीत पडताळा झाला आहे का? नवऱ्याची तपासणी झाली आहे का? अमरावती-अकोल्यातल्या कोणत्याही सुनेने, तिच्या सासूने आणि मुख्य म्हणजे तिच्या नवऱ्याने हे चार प्रश्न डॉक्टरांपुढे ठेवावेत. चांगला डॉक्टर त्यांनी रागावत नाही.

सुश्रुताच्या यादीत चार गोष्टी होत्या. आपण तीन विसरलो, आणि चौथीच्या नावाने बायकांना घराबाहेर काढले, विहिरी जवळ करायला लावल्या. वैद्यकाने गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत त्या चारही गोष्टी पुन्हा एकेक करून मोजून दाखवल्या आहेत. निदान आता तरी 'अस्तर' या शब्दाला 'वांझ' या शब्दाची जागा घेऊ देऊ नये.